‘व’च्या जागी डबा आला तर सांगायचं कोणाले?

मागच्या अंकात एका पीएचडीवाल्या ताईंना उत्तर देताना मी सहज लिहून गेले होते की आकडेमोडीचं महागडं पॅकेज घ्यायची गरज नाही, आर नाहीतर पायथन ह्या प्रोग्रामिंगच्या भाषांमध्ये सगळं फुकटात होते, आणि ते बनवणारे कितीतरी लोक आपल्यासारखेच, फावल्या वेळात, पगाराशिवाय बसलेले असतात. बस, त्या शेवटच्या वाक्यावर एवढे मेसेज आले की यावेळचं पान त्यालाच दिलं. नावं कोणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवली. प्रश्न थोडे कापले आहेत, एकाचा तर दोन पानांचा होता.

प्रश्न (चिमूर तालुका): ताई, मी बीएस्सी फायनलला आहे. पायथनचा एक पेपर झाला तेवढंच येते. इंग्रजी वाचता येते, बोलता नाही येत. हे नमपाय-बिमपायवाले सगळे मोठमोठे इंजिनिअर असतील ना जी? आपण त्यात शिरायचं कुठून, आणि शिरू तरी देतात का?

शिरू देतात. (नमपाय म्हणजे पायथनमध्ये आकडेमोडीसाठी आयता मिळणारा कोड, अशा आयत्या कोडला लायब्ररी म्हणतात.) आणि "मोठमोठे इंजिनिअर" हे अर्धंच खरं आहे. प्रॅक्टिकलचे ग्राफ तू ज्याच्यावर काढले असशील ते मॅटप्लॉटलिब जॉन हंटर नावाच्या माणसानं २००३ च्या सुमारास सुरू केलं. तो मेंदूचा अभ्यास करणारा माणूस, मिरगीच्या पेशंटच्या मेंदूतले विजेचे सिग्नल त्याला पाहायचे होते आणि लॅबमध्ये त्या प्रोग्रामचं लायसन्स एकच, म्हणजे त्याची ती कॉम्प्युटरला लावायची किल्ली सगळ्यांनी पाळीपाळीनं वापरायची. आपल्याकडं कॅनॉलच्या पाण्याची पाळी असते तसं. वैतागून शेवटी स्वतःचं लिहायला बसला. ज्युपिटर नोटबुक, म्हणजे ब्राउझरमध्ये पायथन लिहायची वही, ज्याच्यातून निघालं ते आयपायथन फर्नांडो पेरेझनं २००१ मध्ये सुरू केलं, तेव्हा तो फिजिक्सची पीएचडी करून राहिला होता. मशीन लर्निंगसाठीचं सायकिट-लर्न हे २००७ मध्ये सुट्टीतल्या प्रोजेक्टपासून चालू झालं. आणि १० एप्रिल २०१९ ला कृष्णविवराचा पहिला फोटो आला ना, तो नारंगी कंगनासारखा दिसणारा, त्याच्या मागंही नमपाय आणि मॅटप्लॉटलिबच होते.

आता शिरायचं कुठून. इंटरनेटवर "नवशिक्यांसाठी दहा सोपे प्रोजेक्ट" अशा याद्या असतात, त्या पाहू नको. तिथं आधीच दोनशे पोट्टे उभे असतात आणि "गुड फर्स्ट इश्यू" (इश्यू म्हणजे नोंदवलेली तक्रार, ही नवशिक्याला जमेल अशी) असा टिळा लावलेलं काम सकाळी निघालं की दुपारपर्यंत चार जण त्याच्यावर तुटून पडलेले असतात. त्याच्यापेक्षा तू रोज जे वापरतो तेच धर. एक साधी वही कर आणि महिनाभर जिथं जिथं अडखळशील ते लिहून ठेव, म्हणजे मदतीच्या पानावरचं उदाहरण तसंच्या तसं टाकलं पण चाललं नाही, लिंक मेलेली आहे, एखादा शब्द कुठंच समजावलेला नाही, एरर आला पण त्याच्यातून काहीच कळलं नाही. हे आत्ताच दिसते बरं. वर्षभरानं डोळा सरावतो, मग तेच पान तुला एकदम बरोबर वाटायला लागते.

माझी स्वतःची पहिली नोंद अशीच वहीतली. अकरावीच्या पोरांना प्रॅक्टिकलला मी एक लहानशी लायब्ररी वापरायला दिली, पोरांनी साईन ३० टाकलं, यायला पाहिजे अर्धा, आलं उणे ०.९८८. सगळा वर्ग माझ्याकडं पाहून राहिला आणि मी फळ्याकडं. मग ध्यानात आलं की ते कोन रेडियनमध्ये मागते, अंशात नाही, आणि मदतीच्या पानावर हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. कोडला हात नाही लावला, त्या ओळीत "कोन रेडियनमध्ये द्या" एवढंच जोडून पाठवलं. अकरा दिवसांनी घेतलं त्यांनी.

पाठवायचं कसं हे बहुतेकांना अवघड वाटते म्हणून आपल्या भाषेत सांगते. सातबारा माहीत आहे ना. सातबाऱ्यावर तुम्ही स्वतः पेन नाही चालवू शकत. फेरफाराचा अर्ज द्या, तलाठी नोंद घेते, नोटीस निघते, कोणाची हरकत असेल तर ऐकून घेतात, मंडळ अधिकाऱ्यानं मंजूर केलं की मग उताऱ्यावर चढते. हेच आहे. मूळ कोड बहुतेक गिटहब नावाच्या साईटवर ठेवलेला असते, त्याची तिथंच तुझ्या खात्यात एक नक्कल काढायची, तिला फोर्क म्हणतात. त्या नकलेत बदल करायचा. मग मूळवाल्यांकडं अर्ज टाकायचा की हा बदल घ्या, त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात. त्याच्यावर हरकती येतात, तो रिव्ह्यू. मंजूर झालं की मर्ज. आणि कोणी, कोणत्या तारखेला, कोणती ओळ बदलली ह्याचं फेरफार रजिस्टर जे ठेवते ते गिट, लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये बनवलेलं. फरक एवढाच की इथं कोणाला चहापाणी द्यावं लागत नाही.

एक काम मात्र पहिल्या दिवशीच कर. गिटमध्ये जो ईमेल टाकशील तो प्रत्येक नोंदीसोबत जगाला दिसतो, कायमचा. गिटहबच्या सेटिंगमध्ये ईमेल लपवायची सोय आहे, ते एक वेगळा पत्ता बनवून देतात, तोच वापर. मुलींनी तर नक्कीच.

प्रश्न (पुसद): कृषी सेवा केंद्र चालवतो, बीएस्सी ॲग्री झालेलो आहे. विदर्भातल्या पावसाचे आकडे पायथनमध्ये टाकून ग्राफ काढला, दुकानात लावायचा होता म्हणून जिल्ह्यांची नावं मराठीत टाकली. नावाच्या जागी चौकोनी डबेच डबे. फॉन्ट बदलला तर डबे गेले पण ‘वर्धा’ भलतंच दिसून राहिलं, ‘गोंदिया’ तर वाचताच येत नाही. ही चूक माझी का त्यांची? त्यांची असंल तर सांगायचं कोणाले?

भाऊ, तुमच्या प्रश्नानं माझी एक रात्र खाल्ली. घरचे झोपल्यावर माझ्या जुन्या लॅपटॉपवर, त्याच्यात मॅटप्लॉटलिबही जुनंच आहे, तेच करून पाहिलं आणि अगदी तसंच झालं. इथं दोन वेगवेगळे प्रकार आहेत, एक तुमचा आणि एक त्यांचा.

डबे हा सेटिंगचा मामला. मॅटप्लॉटलिब सोबत जो फॉन्ट देते, देजावू सॅन्स, त्याच्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. खाली काळ्या खिडकीत तुम्हाला लाल अक्षरात ओळ आली असेल, "ग्लिफ २३५७ मिसिंग" अशी. आपण ती वाचतच नाही. २३५७ हा युनिकोडमध्ये ‘व’चा नंबर आहे, म्हणजे बिचारं सांगून राहिलं की बाप्पा माझ्याजवळ व नाही. नोटो सॅन्स देवनागरी नाहीतर मुक्ता टाकला की डबे जातात, ते तुम्ही केलंच.

दुसरी गंमत मोठी आहे. ‘दि’ लिहिताना आपण हातानं वेलांटी आधी काढतो, पण कॉम्प्युटरच्या पोटात आधी द असतो आणि मग वेलांटी. दाखवताना ती उचलून द च्या डावीकडं न्यावी लागते. तसंच र आणि ध मिळून ‘र्ध’ झाला तर तो रफार उडवून डोक्यावर बसवावा लागते. हे उचलाउचलीचं काम, त्याला शेपिंग म्हणतात, मोबाईलमध्ये आणि ब्राउझरमध्ये हार्फबझसारखे प्रोग्राम गुपचूप करतात म्हणून आपल्याला कधी जाणवत नाही. मॅटप्लॉटलिब वर्षानुवर्षं ते करतच नव्हतं, अक्षरं जशी आली तशी एकामागं एक ठेवून द्यायचं. इंग्रजीचं त्यानं काही बिघडत नाही, आपलं बिघडते.

मग मी आपले अकराही जिल्हे टाकून पाहिले. यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा, भंडारा, नागपूर हे सहा बरे दिसतात, एखादा उकार थोडा सरकलेला असेल पण वाचता येते, कारण त्यात ऱ्हस्व वेलांटीही नाही आणि जोडाक्षरही नाही. वर्धा, चंद्रपूर, गोंदिया, गडचिरोली आणि वाशिम हे पाच बिघडतात. वर्ध्यात रफार, चंद्रपुरात द्र, बाकी तिघांत वेलांटी. आता पहा, तुमच्या जागी एखाद्या माणसानं फक्त यवतमाळ आणि अमरावतीचाच ग्राफ काढला असता तर तो म्हणाला असता मराठी एकदम मस्त चालते. चूक पकडायला गोंदिया लागते!

आता सांगायचं कसं. आधी शोधायचं. मॅटप्लॉटलिबच्या गिटहबवर इश्यूच्या रकान्यात इंग्रजीत हिंदी, देवनागरी, अरेबिक असं टाकून पहा, ही तक्रार जुनी आहे, आपल्याआधी अरबीवाले, तामिळवाले, बंगालीवाले सगळे रडून गेले. म्हणून नवीन इश्यू उघडायचा नाही, आणि जुन्याच्या खाली "मलाही हाच प्रॉब्लेम" असंही लिहायचं नाही, त्यानं फक्त पन्नास जणांच्या मेलमध्ये कचरा होते. दुसरी गोष्ट, व्हर्जन पहा. रॅक्म नावाची लायब्ररी आत घेऊन हे शेपिंग बसवायचं काम तिथल्या लोकांनी हाती घेतलेलं आहे, त्यामुळं सगळ्यात ताजं व्हर्जन टाकून तुमचे पाच जिल्हे पुन्हा काढून पहा. तिथं सुधारलं असेल तर प्रश्नच मिटला, नसेल सुधारलं तर तुमच्याजवळ त्यांच्या कामाची गोष्ट आहे.

ती गोष्ट काय ते सांगते, कारण चांगला बग रिपोर्ट हेच अर्धं योगदान आहे आणि लोकांना वाटते की ते हलकं काम. पावसाची फाईल जोडू नका, ती त्यांना नको. पाच-सहा ओळींचा कोड ज्याच्यात फक्त ‘गोंदिया’ आणि ‘वर्धा’ लिहिलं जाते, तो कॉपी करून त्यांच्याकडं चालला पाहिजे. कोणता फॉन्ट, कोणतं व्हर्जन, विंडोज का लिनक्स. जे चित्र निघालं ते. आणि त्याच्या बाजूला बरोबर कसं दिसायला पाहिजे त्याचं चित्र, ब्राउझरमध्ये टाईप करून स्क्रीनशॉट घ्या (मोबाईलनं स्क्रीनचा फोटो नका काढू, वरच्या पंख्याची पाती दिसतात). आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साध्या इंग्रजीत एक ओळ, की ही खूण द च्या डाव्या बाजूला यायला पाहिजे होती, उजव्या बाजूला आली. कारण समोर बसलेल्या माणसाला देवनागरी वाचता येत नाही हो. त्याच्यासाठी चुकलेला गोंदिया आणि बरोबर गोंदिया सारखेच. कोड त्याला तुमच्यापेक्षा शंभरपट येते, पण तो कोड लिहून झाल्यावर बरोबर दिसलं का नाही हे त्याला तुम्हालाच विचारावं लागणार.

दुकानातला ग्राफ अडला असेल तर तोपर्यंत एक जुगाड. मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगमध्ये एसव्हीजीचा फॉन्टटाईप ‘नन’ करा आणि फाईल एसव्हीजी म्हणून साठवा. मग अक्षरं चित्र न होता अक्षरंच राहतात, ती फाईल क्रोममध्ये उघडली की ब्राउझर स्वतः वेलांट्या जागेवर बसवते, तिथूनच प्रिंट मारा. मी मारून पाहिली, वर्धा वर्ध्यासारखा आला.

प्रश्न (गडचिरोली जिल्हा): लाईन दिवसातून कितींदा जाते ते विचारूच नका. गिट क्लोन लावलं की अर्ध्यात तुटते, पुन्हा पहिल्यापासून. लॅपटॉप ४ जीबीचा. सोडून देऊ का?

सोडू नका, पण क्लोनचा, म्हणजे सगळा कोड आपल्या मशीनवर उतरवून घ्यायचा, हट्ट सोडा. गिटचं हे दुखणं खरं आहे, क्लोन मधात तुटला की जिथून तुटला तिथून पुढं चालू होत नाही, उतरलेलं सगळं वाया. त्यावर इलाज म्हणजे पूर्ण इतिहास न मागता फक्त आजचा कोड मागायचा, क्लोनच्या कमांडला ‘डेप्थ १’ जोडायचं. कितीतरी वर्षांचा फेरफार आपल्याला कशाला पाहिजे, चालू सातबारा द्या म्हणायचं. पुढं गरज पडली तर ‘डीपन’ करून मागचं थोडं थोडं खेचता येते, म्हणजे तुटलं तरी थोडंच तुटते.

आणि मदतीच्या पानात एक ओळ बदलायची तर क्लोनच नको, गिटहबवर त्या फाईलवर पेन्सिलचं चिन्ह असते, ब्राउझरमध्येच बदला. फोर्क ते आपोआप करून देते. मोठं काम असेल तर गिटहबचं कोडस्पेसेस आहे, म्हणजे कॉम्प्युटर त्यांचा आणि आपण फक्त खिडकीतून पाहायचं, लहान मशीनवर महिन्याला ६० तासांपर्यंत फुकट मिळते. काम झालं की बंद करायचं मात्र विसरू नका, मोटर चालू ठेवून घरी गेल्यासारखं होते.

४ जीबीत सायपायसारखी (शास्त्रीय आकडेमोडीची) मोठी लायब्ररी बिल्ड करायला, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवायला गेलात तर सी आणि सी प्लस प्लसचा ढीग कंपाईल होताना मशीन गोठते. एका वेळी एकच जॉब चालव असं सांगता येते, हळू होते पण होते. नाहीतर बिल्ड करूच नका, पुल रिक्वेस्ट टाकली की त्यांचे कॉम्प्युटर स्वतः सगळ्या टेस्ट चालवून सांगतात. पहिल्यांदा पाठवणाऱ्याच्या टेस्ट मेन्टेनरनं, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यानं, बटण दाबल्याशिवाय बहुतेक ठिकाणी चालू होत नाहीत, तेव्हा दोन दिवस पिवळं दिसलं म्हणून घाबरू नका.

प्रश्न (दारव्हा): मोबाईलवरून होते का?

शब्द सुधारणं, भाषांतर, इश्यूवर बोलणं, एवढं होते. कोड नका लिहू, डोळे जातील.

प्रश्न (मोर्शी): मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे, गणित-विज्ञान शिकवलं. कोडिंगचा गंध नाही. नातवानं स्टेलॅरियम दाखवलं, आकाशातले तारे दाखवते ते. त्यात मराठी आहे पण काही शब्द वाचून हसू आलं. हे कोणी दुरुस्त करू शकते का?

बाई, तुम्हीच करू शकता, आणि खरं सांगते, तुमच्यासारखी माणसं तिथं कोड लिहिणाऱ्यांपेक्षा कमी आहेत. स्टेलॅरियमचं भाषांतर जगभरातले स्वयंसेवक ट्रान्सिफेक्स नावाच्या ठिकाणी करतात, खातं उघडायचं, मराठीच्या गटात यायला विचारायचं, मग डावीकडं इंग्रजी ओळ आणि उजवीकडं मराठीची जागा असं येते. कोडशी काही संबंध नाही.

पण तुमचं खरं काम शब्द टाकणं नाही, शब्द पारखणं आहे. ‘अल्टिट्यूड’ दिसलं की घाईतला माणूस ‘उंची’ टाकून मोकळा होते. विमानाला ती उंची ठीक आहे. ताऱ्याच्या बाबतीत क्षितिजापासून किती अंश वर, ते म्हणजे उन्नतांश. ‘ॲझिमथ’ला दिगंश, ‘डेक्लिनेशन’ला क्रांती, ‘राईट असेन्शन’ला विषुवांश. मशीनकडून करून घेतलं तर त्या शेवटच्याचं ‘उजवीकडचा चढ’ असं काहीतरी करून ठेवते, तारा काय घाट चढून राहिला का! तुम्ही फळ्यावर हे शब्द लिहिलेले आहेत, तुम्हाला विचारावंही लागणार नाही. आधी तीस-चाळीस शब्दांची एक यादी करून गटातल्या बाकीच्यांसोबत पक्की करा, नाहीतर एका पानावर दिगंश आणि दुसऱ्यावर दिशाकोन असं होते, आणि पोरगं समजते की दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक खबरदारी, ओळीत मधातच टक्क्याचं चिन्ह आणि आकडा दिसेल, तिथं प्रोग्राम नंतर ताऱ्याचं नाव नाहीतर संख्या भरते. ते चिन्ह पुसायचं नाही, पण मराठी वाक्यात जिथं शोभते तिथं सरकवता येते.

नकाशांची आवड असेल तर क्यूजीआयएस ह्या नकाशे काढायच्या फुकट प्रोग्रामचंही असंच चालते. आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठी आवाजातले धडे आहेत, नातवासोबत बसून पहा, तुम्हाला कंटाळा आला तर त्याला येणार नाही.

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): पोरगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपवर. विचारलं तर म्हणते अमेरिकेतल्या लोकांचा प्रोग्राम दुरुस्त करून राहिली. पैसे किती देतात? तर म्हणे काहीच नाही. मॅडम, फुकटची हमाली नाही का ही? कर्ज काढून शिकवून राहिलो.

काका, राग समजला. तुम्हाला गोड बोलून फसवत नाही, यात ठरलेला पैसा नाही आणि कोणी "ओपन सोर्स केलं की पॅकेज पक्कं" म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका. आजकाल "ओपन सोर्स इंटर्नशिप" म्हणून दोन-तीन हजार फी घेऊन सर्टिफिकेट देणारे निघाले आहेत, तिला सांगा एक रुपया द्यायचा नाही. खऱ्या प्रोजेक्टमध्ये शिरायला फी नसतेच.

पण "अमेरिकेतल्या लोकांचा" हे बरोबर नाही. ते सगळ्यांचं आहे म्हणूनच तुमची पोरगी कॉलेजात ते फुकट वापरून शिकली. आणि जिथं पैसे आहेत ते सांगते. गुगलचा समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, आधी फक्त विद्यार्थ्यांसाठी होता, २०२२ पासून अठरा वर्षांवरच्या कोणत्याही नवख्या माणसाला अर्ज करता येते, मार्च-एप्रिलच्या सुमारास अर्ज घेतात, निवड झाली तर मानधन मिळते. मेख अशी आहे की निवड त्यांचीच होते ज्यांनी आधीच दोन-चार महिने फुकटात लहान-लहान कामं केलेली असतात, म्हणजे ती रात्री दोन वाजता करून राहिली तेच. आउटरीची नावाचा दुसरा कार्यक्रम आहे, या क्षेत्रात ज्यांना संधी कमी मिळते त्यांच्यासाठी, तीन महिन्यांचे ७००० डॉलर, घरी बसून काम. आणि आपल्या आयआयटी मुंबईचं फॉसी आहे, तिथं पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबसारख्या गणिताच्या फुकट प्रोग्राममध्ये करून दिली, तपासून पास झाली, की मानधन देतात. सुरुवातीला मला हेच सगळ्यात बरं वाटते, पुस्तक तिच्या अभ्यासाचंच असते.

तिला एकदा तुमच्यासमोर बसवा आणि म्हणा तू दुरुस्त केलेलं दाखव. तिचं नाव, तारीख, आणि समोरच्या माणसानं तिच्या कामावर काय काय लिहिलं ते सगळं तिथं दिसते. मुलाखतीत मार्कशीटपेक्षा हे जास्त वाचतात, निदान जो माणूस स्वतः कोड लिहिते तो तरी वाचतेच. दोन वाजेपर्यंत जागू देऊ नका मात्र, बारा पुष्कळ झाले.

प्रश्न (वरूड): दोन महिने झाले पुल रिक्वेस्ट टाकून, कोणी पाहून नाही राहिलं. दुसऱ्या प्रोजेक्टनं तर एका दिवसात बंद करून टाकली, कारण विचारलं तर उत्तर नाही. गावाकडचे म्हणून असं करतात काय?

तुमचं गाव त्यांना दिसतच नाही. पण तुम्ही काय पाठवलं ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मी माझंच सांगते.

माझ्या दुसऱ्या वेळी मला एक अक्षराची चूक सापडली होती. मी एडिटरमध्ये फाईल उघडली, एडिटरनं सेव्ह करताना स्वतःच्या मनानं सगळ्या स्पेस नीट करून टाकल्या, आणि मी चौदा फायलींचा बदल पाठवून दिला, ज्याच्यात कामाचं एक अक्षर होतं. समोरच्यानं अगदी नम्रपणे लिहिलं की ताई, हे वेगळं करून फक्त दुरुस्ती पाठवाल का. मला इतका राग आला! एवढं फुकट करून द्या आणि वर हे. तीन महिने तिकडं फिरकले नाही. नंतर एकदा माझ्याकडं प्रॅक्टिकलच्या साठ वह्या तपासायला आल्या आणि एका पोरानं अख्खी वही नवीन अक्षरात उतरवून आणली, म्हणे मॅडम फक्त एक रीडिंग बदललं. तेव्हा समजलं.

तिकडचे तपासणारे बहुतेक फावल्या वेळातच तपासतात, आणि २०२० मध्ये तर ऑक्टोबरातल्या एका उपक्रमात टी-शर्ट मिळते म्हणून जगभरातल्या लोकांनी, आणि आपले पोट्टे त्यात मागं नव्हते, मदतीच्या फायलीत "अमेझिंग प्रोजेक्ट" असे दोन शब्द जोडून हजारो पुल रिक्वेस्ट टाकल्या. पुढं नियमच बदलावा लागला. आता तोच त्रास एआयनं होऊन राहिला, इश्यू चिकटवला, उत्तर चिकटवलं, पाठवून दिलं, आणि समोरच्यानं दोन प्रश्न विचारले की हा गायब. मॅटप्लॉटलिबनं तर एआयच्या वापरावर लेखी बंधनं घातली आहेत. मी म्हणत नाही एआय वापरू नका, एरर समजून घ्यायला मीही वापरते, पण जी ओळ तुम्हाला दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही ती तुमच्या नावानं पाठवू नका, आणि प्रोजेक्टचे त्याबद्दलचे नियम आधी वाचा. एका दिवसात बंद झाली त्याचं कारण बहुतेक इथंच कुठंतरी असेल.

जी दोन महिने पडून आहे तिच्यावर एक ओळ टाका की अजून काही बदलायचं आहे का. पहिल्या पंधरा दिवसांनीच टाकायला हरकत नव्हती. "प्लीज असाईन मी सर" मात्र नका लिहू, कितीतरी ठिकाणी काम नेमून देतच नाहीत, जो करून आणेल त्याचं. पांडाज ह्या तक्त्यांच्या लायब्ररीत तर इश्यूखाली इंग्रजीत ‘टेक’ एवढा एक शब्द लिहिला की काम आपोआप तुमच्या नावावर चढते, मग ते करा नाहीतर सोडलं म्हणून सांगा.

प्रश्न (अंजनगाव सुर्जी): वय ५२, पानपिंपरी आणि संत्रा, दोन्हींचा शेतकरी. पोराचा जुना लॅपटॉप पडून आहे. जमेल का?

जमेल. क्यूजीआयएस टाका, आपल्या शेताची हद्द त्याच्यात काढून पहा आणि जिथं अडाल ते वहीत लिहा. वही भरली की मला फोन करा, संत्र्याच्या मोसमात असेल तर येऊनच जाईन.